मावशी आणि आजीबाई

एकोणीस वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातून मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मराठीची अधिव्याख्याता म्हणून रुजू झाले, तेव्हा माझी समजूत अशी होती की आपण मराठीतून मराठीतच चाललो आहोत. पहिल्याच आठवड्यात ती समजूत गळून पडली. ‘काय करायलात मॅडम?’ या प्रश्नातील क्रियापद मला क्षणभर कळले नाही. माझे बोलणे मुलींना कळत होते, परंतु ‘तुम्ही पुस्तकातल्यासारखं बोलता’ असे त्यांतील एकीने सांगितले, आणि ते कौतुक होते की तक्रार, हे मला आजही ठरवता आलेले नाही. भातावर वाढलेली मी ज्वारीच्या भाकरीला सरावले. सोलकढीची आठवण मात्र काढायची नाही, असा नियम मनाशी करावा लागला. विभागप्रमुख वयाने वडील होते. ते म्हणाले, ‘रुळाल हळूहळू.’

‘रुळणे’ या शब्दाने तेव्हापासून माझी पाठ धरली आहे. रुळलेली वाट असे आपण म्हणतो, तेव्हा बदललेली असते ती वाट. पाय तेच असतात. माणसाच्या बाबतीत हाच शब्द वापरताना मात्र आपण नेमके उलटे समजतो. बदलायचे ते नव्याने आलेल्याने, वाट जशीच्या तशी राहणार. हा अर्थाचा उलटापालट कोणी केला आणि केव्हा, हे कोशकारांवर सोपवून मी येथे दोन विद्यार्थिनींचा इतिहास मांडू इच्छिते. दोघीही मराठी, दोघीही एकाच वर्षी परदेशी गेल्या, आणि दोघींचे एकमेकींशी नातेही होते. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र कॅरोलिन डॉल या अमेरिकन लेखिकेने १८८८ साली प्रसिद्ध केले, त्याच्या शीर्षकातच आनंदीबाईंची ओळख ‘पंडिता रमाबाईंची नातलग’ अशी करून दिलेली आहे. तरीही आपण या दोघींना सहसा वेगवेगळ्या खणांत ठेवतो. एक ‘पहिली स्त्री डॉक्टर’, दुसरी ‘धर्मांतर केलेली विदुषी’. त्या दोघी परक्या मुलुखातील महाविद्यालयांत एकाच काळी शिकत होत्या, हे एकत्र वाचले जात नाही.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाईंनी कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या बोटीने प्रयाण केले. तेरा दिवसांनी, २० एप्रिलला, रमाबाई मुंबईहून निघाल्या. एक अठरा वर्षांची, नवऱ्याला मागे ठेवून निघालेली; दुसरी पंचविशीची, वर्षापूर्वी विधवा झालेली, कडेवर दोन वर्षांची मनोरमा. एकीचे ठिकाण फिलाडेल्फिया, दुसरीचे इंग्लंड. दोघींनाही वैद्यक शिकायचे होते. रमाबाईंना वाढत्या बहिरेपणामुळे तो बेत सोडावा लागला, नाही तर कदाचित आपण आज दोन डॉक्टरांविषयी बोललो असतो.

आनंदीबाईंच्या जाण्यामागची हकीकत मराठी वाचकाला तोंडपाठ आहे, त्यामुळे ती विस्ताराने सांगत नाही. गोपाळराव जोशी यांनी कोल्हापुरात असताना अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले. त्यासोबत, ख्रिस्ती व्हाल तर मदतीचा विचार करता येईल, अशा आशयाची संपादकीय टिप्पणीही होती. न्यू जर्सीमधील रोझेल येथे राहणाऱ्या कार्पेंटरबाईंनी तो अंक दंतवैद्याच्या दवाखान्यात वाट पाहत बसल्या असताना वाचला आणि एका अनोळखी मुलीला पत्र घातले. पुढे आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या.

रमाबाईंच्या बाजूला असाच एक शब्द आहे, आणि तो मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिलेला नाही. वाँटेज येथील सेंट मेरी मठातील सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. त्यांना रमाबाई आणि मनोरमा ‘आजीबाई’ म्हणत. इंग्रजीत लिहिलेल्या, ईश्वरशास्त्रातील कडाक्याच्या वादांनी भरलेल्या पत्रांच्या माथ्यावर ‘आजीबाई’ हे संबोधन रोमन लिपीत उमटलेले आहे. ही पत्रे सिस्टर जेराल्डिन यांनीच जपली, अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती १९७७ साली प्रसिद्ध केली. ज्यांना रमाबाईंचे मन जवळून पाहायचे आहे, त्यांनी चरित्रांआधी ती वाचावीत.

परक्या ठिकाणी गेलेल्या मराठी बाईने प्रथम काय केले, तर नाते लावले. मावशी, आजीबाई. आपल्याकडे गाडीत शेजारी बसलेल्या बाईलाही आपण मावशी करतो. प्रश्न पुढचा आहे. नाते लावल्यावर समोरच्याने त्या नात्याचे काय केले?

फिलाडेल्फियाचे ‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ ही काही प्रतिष्ठितांच्या पंक्तीत बसलेली संस्था नव्हती. १८५० साली ते निघाले, तेव्हा बायकांना डॉक्टर करण्याची कल्पनाच अमेरिकन पुरुष डॉक्टरांना हास्यास्पद वाटत होती. १८५८ साली फिलाडेल्फियातील वैद्यक संघाने स्त्री-डॉक्टरांशी आणि त्यांना शिकवणाऱ्यांशी व्यावसायिक संबंध ठेवू नयेत, असा ठराव केला. १८६९ च्या नोव्हेंबरात या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये रुग्ण-व्याख्यानाला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली, त्यांच्या अंगावर तंबाखूच्या पिचकाऱ्या टाकल्या. ज्या संस्थेची पंधराच वर्षांपूर्वीची आठवण ही आहे, त्या संस्थेच्या दाराशी साडी नेसलेली, कुंकू लावलेली, आपल्या जातीचा आणि आप्तांचा विरोध पत्करून आलेली मुलगी उभी राहते. रोझेलहून जून १८८३ मध्ये महाविद्यालयाला लिहिलेल्या अर्जात तिने हा विरोध सांगितला आहे. सर्वच विषयांत आपली तयारी कदाचित तुमच्या कसोटीला उतरणार नाही, याचीही कबुली दिली आहे. डीन रेचल बॉडली या रसायनशास्त्रज्ञ होत्या, धर्मनिष्ठ ख्रिस्ती होत्या. त्यांनी तिला घेतले. ही मुलगी काय मागते आहे, हे त्या संस्थेला समजावून सांगावे लागले नसावे.

तीन वर्षांत आनंदीबाईंनी काय सोडले आणि काय राखले, याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीतून भाषण केले आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणून परत येईन, असे जाहीर केले. हे सभागृह बॅप्टिस्ट मिशनऱ्यांच्या संस्थेचे, हा त्यातील गमतीचा भाग. हा शब्द त्यांनी पाळला. मांसाहार केला नाही. साडी सोडली नाही. परंतु नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि फिलाडेल्फियाच्या थंडीत ते सोसवत नाही, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. एवढासा बदल, तोही साडीच्या आतला. पण त्यासाठी घरच्या माणसाला पत्रांतून समजावणे आले. ज्या गोपाळरावांनी बायको शिकावी म्हणून जग उलटेपालटे केले, त्यांच्याच पत्रांतून संशय आणि टोमणे येत राहिले. एका पत्रात आनंदीबाईंनी त्यांना दहाव्या वर्षी खाल्लेल्या माराची, फेकून मारलेल्या खुर्च्यांची आणि पुस्तकांची आठवण करून दिली आहे. स्वर चढवलेला नाही. हिशेब मांडावा तसे ते वाक्य आहे, आणि म्हणूनच वाचताना चटका बसतो.

परगावी शिकायला गेलेल्या माणसाला दोन ठिकाणी रुळावे लागते, हे अशा वेळी लक्षात येते. एक नवे गाव, आणि दुसरे, ज्या गावात आपण आता नाही ते जुने गाव. नव्या गावाने वेगळे म्हणू नये आणि जुन्या गावाने बदललीस म्हणू नये. (दिवाळीत मी घरी गेले आणि तोंडून सहज ‘करायलो’ गेले, तेव्हा आईने माझ्याकडे जसे पाहिले, ते मी विसरलेले नाही.)

महाविद्यालयाने आनंदीबाईंना जे दिले, त्याचा सर्वांत बोलका पुरावा मला त्यांच्या प्रबंधात दिसतो. एम. डी. साठी त्यांनी विषय निवडला ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’. आधुनिक वैद्यक शिकवणाऱ्या संस्थेने, पदवीच्या कसोटीसाठी, एका विद्यार्थिनीला तिच्या देशातील प्राचीन ज्ञान घेऊन येऊ दिले. त्या प्रबंधाचे वैद्यकीय मूल्य आजच्या घटकेला काय, हा निराळा प्रश्न. वर्गात घेऊन येण्याजोगे आपल्यापाशी काही आहे, असे विद्यार्थ्याला वाटावे, यासाठी शिक्षकाला काही तरी करावे लागते. बॉडलींनी ते केले होते, एवढे निश्चित म्हणता येईल.

याचा अर्थ फिलाडेल्फियात सारे गोडच होते, असा कोणी घेऊ नये. १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले ते प्रसिद्ध छायाचित्र आठवा. आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत, दमास्कसच्या साबात इस्लामबूली आपल्या देशी पोशाखात. हे छायाचित्र हल्ली कौतुकाने फिरत असते. मला त्यात कौतुकाबरोबर आणखीही काही दिसते. तिघींना आपापल्या पोशाखात एका ओळीत बसवून टिपणारी नजर प्रदर्शन मांडणाऱ्याची आहे. संस्थेला त्यांचे वेगळेपण हवे होते, कारण त्या वेगळेपणातून संस्थेची कीर्ती दूरदेशी पोचलेली दिसत होती. वेगळेपण पुसून टाकण्यापेक्षा हे बरे, यात शंका नाही. परंतु सन्मानाची पाटी लावून काचेच्या कपाटात ठेवणे म्हणजे घरात घेणे नव्हे.

आणि शरीर? ज्या खोलीत आनंदीबाई राहिल्या, तेथील कोळशाची शेगडी धड पेटत नसे, धूर कोंडत असे. थंडी किंवा धूर, यांपैकी एक निवडायचे. शाकाहारी माणसाच्या पोटाला पुरेसे अन्न मिळण्याची पंचाईत वेगळीच. डोकेदुखी, ताप, खोकला हे सारे पत्रांतून येत राहते. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ची पदवी मिळाली, तेव्हा क्षयाने त्यांच्यात घर केलेले होते. ज्या संस्थेत चारही बाजूंना डॉक्टर होते, तेथे हे घडले. मनाने रुळण्याची जागा तिला मिळाली, धर्म सांभाळण्याची मुभा मिळाली. तिच्या फुप्फुसांकडे आणि तिच्या ताटाकडे पाहण्याचे राहून गेले. यात कोणाचा दुष्टपणा नाही. परक्याला आपल्यात घेताना आपण त्याच्या श्रद्धेचा विचार मोठ्या उदारपणे करतो, कारण त्यात आपला मोठेपणा दिसतो. त्याच्या खोलीतील शेगडीचा विचार करायला त्याच्या खोलीत जावे लागते.

आता इंग्लंडकडे वळू. येथे चित्र उलटे आहे, आणि माझ्या मते अधिक गुंतागुंतीचे.

रमाबाईंनी ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाची तजवीज केली होती. म्हणजे त्या मिंध्या होऊन गेल्या नव्हत्या. वाँटेजच्या मठात त्या मे १८८३ मध्ये पोचल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. त्या वर्षीच्या शरदात तिने तेथेच आत्महत्या केली. धर्मांतराच्या भीतीने तिचे मन भ्रमले होते, असे सांगितले जाते. आपल्या इतिहासात तिला दोन ओळींच्या वर जागा नाही. मीही याहून अधिक देऊ शकत नाही, कारण तिने स्वतः लिहिलेले आपल्या हाती आलेले नाही. परमुलुखात रुळलेल्यांची चरित्रे होतात. जे रुळू शकले नाहीत, त्यांची नोंद दुसऱ्याच्या चरित्रात तळटीप म्हणून येते.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गदारोळ झाला, तो बाजूला ठेवू. १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात आल्या. प्राचार्य डॉरोथिया बील या इंग्लंडमधील स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रातील मातब्बर बाई. १८५८ पासून त्या पदावर होत्या. रमाबाई तेथे इंग्रजी, गणित, विज्ञान शिकत आणि संस्कृत शिकवीत. एकाच इमारतीत सकाळी विद्यार्थिनी आणि दुपारी शिक्षिका असण्याचा अनुभव किती विलक्षण असेल!

व्यवहारी हिशेबाने पाहिले, तर रमाबाईंचे रुळणे सोपे व्हायला हवे होते. धर्माची मोठी भिंत त्यांनी स्वतःच ओलांडली होती. आनंदीबाईंनी जे शेवटपर्यंत दिले नाही, ते त्यांनी चार महिन्यांत देऊन टाकले. प्रत्यक्षात भांडणाला सुरुवात झाली ती त्यानंतर. कारण देणारीची समजूत अशी होती की आपण ख्रिस्ताला मानले. घेणाऱ्यांची समजूत अशी की ही आता आपली झाली, आपले ऐकणार. या दोन समजुतींत जे अंतर होते, त्यात पुढची दोन-तीन वर्षे गेली.

वाद कशाकशावरून झाले, पाहा. त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंना पटेना. पटत नाही ते पटले असे म्हणणार नाही, हे त्यांनी स्वच्छ लिहिले. भारतातील पुरोहितांचे जोखड महत्प्रयासाने मानेवरून उतरवले, ते काही दुसऱ्या पुरोहितांचे चढवून घेण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे त्यांचे उत्तर आहे. क्रुसावर अक्षरे कोणती असावीत, यावर वाद झाला. लॅटिन शब्द भारतीय माणसाला काय सांगणार, म्हणून रमाबाईंनी संस्कृतचा आग्रह धरला. ती पवित्र भाषा म्हणून नव्हे, आपल्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा म्हणून. मनोरमा वाँटेजला मठात वाढत होती. आपल्या मुलीला काय शिकवावे हे आईने ठरवायचे की धर्ममातेने, यावरही वाद झाला.

आणि जेवणावर. रमाबाई ख्रिस्ती झाल्या तरी शाकाहारीच राहिल्या. सिस्टर जेराल्डिन यांना यात जातीचा ताठा दिसला. यावर रमाबाईंनी जे उत्तर पाठवले, ते माझ्या मते एकोणिसाव्या शतकातील भारतीय स्त्रीच्या लेखनातील अत्यंत तेजस्वी उताऱ्यांपैकी एक आहे. माझा गर्व तुम्हाला पायमध्ये, पुडिंगमध्ये, दुधालोण्यात, बुटांत, मोज्यांत, इतकेच काय, मी रोज जाळते त्या कोळशांच्या ढिगातही सापडेल, असे त्या उपरोधाने लिहितात. मग विचारतात, एखादी इंग्रज बाई काही काळ हिंदूंमध्ये जाऊन राहिली आणि कोणालाही त्रास न देणाऱ्या आपल्या सवयी तिने बदलल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेले तिला चालेल काय?

कोळसा! एकीच्या खोलीत तो धुमसतो आणि तिचा घास घेतो; दुसरीच्या खोलीत तो मोजला जातो. दोघींची पत्रे शेजारी ठेवून वाचताना या शब्दापाशी मी थांबले होते.

चेल्टनहॅमच्या महाविद्यालयाला मात्र वाँटेजच्या मठाबरोबर एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल. बीलबाईंनी रमाबाईंशी केलेला पत्रव्यवहार वाचला की शिक्षक म्हणजे काय ते कळते. त्या मुद्द्याला मुद्द्याने उत्तर देतात. ही बाई प्रश्न विचारणारच, तिला आज्ञा देऊन चालणार नाही, हे त्यांना उमगले होते. पण महाविद्यालय काही पोकळीत उभे नसते. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही संस्कृत शिकवावे, असा विचार निघाला, तेव्हा भारतात धर्मकार्य केलेल्या मंडळींना, त्यांत लाहोरच्या बिशपांना, विचारले गेले. त्यांनी नकार दिला: भारतात परतल्यावर तिच्या प्रतिष्ठेला बाध येईल. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांसमोर बसून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवल्या, जिने गावोगाव पुरुषांच्या सभांतून व्याख्याने दिली, तिला पुरुषांपुढे उभे राहण्याची परवानगी नाही, आणि कारण काय, तर हिंदुस्थानात चालणार नाही! माझ्या वडिलांनी आणि पतीने ज्याला कधी हरकत घेतली नाही, त्याला तुम्ही घेता याचे नवल वाटते, अशा अर्थाचे रमाबाईंनी लिहिले.

येथे मला त्या दोन संस्थांमधील खरा फरक सापडतो. अमेरिका तेव्हा हिंदुस्थानवर राज्य करीत नव्हती. आनंदीबाई परत जाऊन काय करतील, याविषयी बॉडलींना आस्था होती, अधिकार नव्हता. इंग्लंडमध्ये रमाबाईंच्या भोवतालच्या मंडळींना त्यांचा पुढचा उपयोग आधीच दिसत होता. ही विदुषी परतेल आणि आपले काम करील. ज्या विद्यार्थ्याचा उपयोग ठरलेला असतो, त्याचे रुळणे म्हणजे साच्यात बसणे. तो विद्यार्थी जितका हुशार, तितका साचा तोकडा पडतो, आणि दोष विद्यार्थ्याच्या ताठ्याला दिला जातो. सिस्टर जेराल्डिन या दुष्ट होत्या, असे मला कोठेही वाटलेले नाही. त्यांनी ती पत्रे, स्वतःवर उलटणारी सुद्धा, जपून ठेवली; हे साध्या माणसाचे काम नाही. ‘आजीबाई’ या हाकेत त्यांना माया ऐकू येत होती, आणि तिच्याबरोबरच आजीचा अधिकारही. माया लावणाऱ्या रमाबाईंना तो अधिकार द्यायचा नव्हता. कार्पेंटरबाईंनी मावशीपण घेतले आणि अधिकार मागितला नाही. फिलाडेल्फियात ज्यावर कोणी बोट ठेवले नाही, तो अधिकार तिकडे पत्रांतून गोपाळराव वापरीतच होते, हेही विसरता येत नाही.

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई इंग्लंड सोडून अमेरिकेला निघाल्या. निमित्त आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाचे, निमंत्रण बॉडलींचे. वाँटेजच्या मंडळींना हे जाणे रुचले नाही. ११ मार्चला त्या सभागृहात या दोन नातलग स्त्रिया होत्या: एक पदवी घेणारी, खोकल्याने पोखरलेली; दुसरी पदवी न घेताच महाविद्यालय सोडून आलेली. थोड्याच दिवसांसाठी आलेल्या रमाबाई तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या, देशभर बोलल्या. १८८७ मध्ये त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक आले, त्याची प्रस्तावना बॉडलींची आहे. तोवर आनंदीबाई या जगात नव्हत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती. त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा मावशीकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, तिला स्थान मिळाले. हिंदू म्हणून परतलेली ही मुलगी शेवटी पुन्हा तिकडे गेली.

रमाबाईंनी मुंबईत चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ उघडले, ती तारीख ११ मार्च १८८९. पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली होती. आता त्या स्वतः यजमान होत्या. दाराशी येणाऱ्या मुली बालविधवा, बहुतेक ब्राह्मण घरांतल्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. ख्रिस्ती रमाबाईंनी तेथे नियम केला की प्रत्येक मुलीला आपापल्या जातीच्या रीतीप्रमाणे जेवता येईल, आपापले धर्माचार पाळता येतील. कोणावर धर्माची सक्ती होणार नाही. अमेरिकेतील ज्या ख्रिस्ती देणगीदारांच्या पैशावर सदन चालत होते, त्यांच्यापैकी काहींना हे खटकणे स्वाभाविक होते. चेल्टनहॅमच्या ताटाचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना या स्वयंपाकघराचे आश्चर्य वाटणार नाही.

१८९० मध्ये सदन पुण्यास आले. रमाबाई पहाटे प्रार्थना करीत, खोलीचे दार उघडे असे, काही मुली आपण होऊन येऊन बसत. दार लावून घ्यावे, अशी पुण्यातील हितचिंतकांची अपेक्षा होती. रमाबाईंनी ते लावले नाही. मुलींना आपला धर्म पाळण्याची मोकळीक आहे, तशीच ती मलाही आहे, हा त्यांचा मुद्दा. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. यजमानाने स्वतःच्या घरात किती मोकळे राहावे, हा प्रश्न त्या उघड्या दाराने उभा केला. त्याचे उत्तर मला रानड्यांच्या बाजूने देता येत नाही आणि पूर्णपणे रमाबाईंच्या बाजूनेही नाही. नुकत्याच घरातून तुटून आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला, जिच्या हातचे अन्न आपण खातो, तिच्या प्रार्थनेला ‘आपण होऊन’ न जाणे कितपत शक्य असते?

सदनातील सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक होती कोकणातून आलेली गोदूबाई. त्याच १८९३ सालच्या ११ मार्चला धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. लग्नानंतर तिचे नाव ठेवण्यात आले आनंदीबाई.